रस्त्याच्या अलीकडचा दर

वर्ग लातूरला होते. शनिवार-रविवार, एका हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, जिथं एरवी बारशी आणि साखरपुडे होतात. समोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी नावाची थर्मोकोलची अक्षरं अर्धवट उरलेली असायची आणि त्याखाली आमचा फळा. आम्ही सगळे मालमत्तेचं मूल्यांकन करणारे. बँक कर्जाला घर तारण घेते तेव्हा ते घर बघून त्याची किंमत लिहून देणं हे आमचं काम. आता त्यापुढची पायरी शिकायला आलो होतो. दुसऱ्यानं केलेलं मूल्यांकन पुराव्यावर उभं आहे का, हे तपासण्याचं प्रमाणपत्र. मोठ्या कर्जांना बँका अशी दुबार तपासणी मागायला लागल्या होत्या. ज्याच्याकडं प्रमाणपत्र नाही त्याच्याकडं लहानसहान कामं उरणार, हे स्पष्ट दिसत होतं. मी नांदेडला राहतो. पन्नाशी आली आहे, मुलगी शिकते आहे, आणि लहानसहान कामांवर घर चालत नाही.

शिकवणारे बाहेरून यायचे. त्यांच्यातल्या एकानं एके दिवशी फळ्यावर जमिनीची किंमत कमी करणारे घटक लिहायला घेतले. स्मशान. नाला. उच्चदाबाची तार. त्रिकोणी प्लॉट. दक्षिणमुखी दार. एवढं लिहून ते थांबले आणि हसत मागं वळले.

"आणि ते आपलं... वस्ती. कळलं ना?"

"निळी, सर," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

हशा झाला. सरही हसले, पण फळ्यावर त्यांनी फक्त 'वस्ती' असं लिहिलं. "बाजार मानतो म्हणून आपण मानतो," ते म्हणाले. "दक्षिणमुखी घरात राहून कुणी मरत नाही, पण गिऱ्हाईक पैसे कमी देतं. आपण गिऱ्हाइकाला शहाणं करायला बसलो नाही."

मी वहीत उतरवून घेतलं. स्मशानाखाली नाला, नाल्याखाली तार, सगळ्यांत शेवटी वस्ती. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं आहे. मराठवाड्यात अशा आडनावावरून माणूस कोण ते कळत नाही. मी बौद्ध आहे हे त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते हसले नसते, इतकाच फरक पडला असता. फळ्यावरचा शब्द राहिलाच असता, आणि खरं सांगायचं तर सर जे म्हणाले त्यात हिशेबाची चूक नव्हती.

लेखी परीक्षा झाली. त्यात मला अडचण आली नाही. त्यानंतरची पायरी अशी होती की प्रमाणपत्र देणारी संस्था प्रत्येकाला एक खरा मूल्यांकन अहवाल देणार, करणाऱ्याचं नाव काळं करून. उमेदवारानं ती मालमत्ता स्वतः पाहायची, दर स्वतः पडताळायचे, अहवालाची तपासणी लिहायची आणि तीन परीक्षकांपुढं तिची बाजू मांडायची. हे अहवाल बँकांनी अभ्यासासाठी दिलेले असत आणि घरमालकाला बँकेचं पत्र गेलेलं असे, की अमुक माणूस घर पाहायला येईल. त्याआधी आमच्याकडून हमीपत्र घेतलं. तपासणीत काय सापडलं ते घरमालकाला किंवा बँकेला, कुणालाही सांगणार नाही, सांगितल्यास प्रमाणपत्र रद्द. मी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

मला आलं ते घर लातुरातलंच होतं. तीस बाय चाळीसचा प्लॉट, म्हणजे बाराशे चौरस फूट, वर कॉलम-बीमचं दोन मजली बांधकाम. भूकंपानंतर इकडं ज्याला जमेल त्यानं दगडमातीच्या भिंती सोडल्या, तसलंच. रस्त्याच्या अलीकडं बौद्धांची वस्ती, पलीकडं बाकी सगळ्यांची कॉलनी. अहवालात अलीकडच्याच गल्लीतल्या तीन खरेद्या धरलेल्या होत्या आणि त्यावरून चौरस फुटाला चोवीसशे रुपये दर काढलेला होता. मग खाली एक ओळ होती: 'परिसर व मर्यादित खरेदीदार यांमुळे पंधरा टक्के कपात.' दर झाला दोन हजार चाळीस.

नांदेडला घरीच हे वाचलं आणि पहिल्या वाचनात मला चूक दिसली. तिन्ही खरेद्या त्याच गल्लीतल्या. गल्लीचा जो काही परिणाम व्हायचा तो त्या चोवीसशेत होऊन चुकलेला. त्यावर पुन्हा पंधरा टक्के म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा कपात. जागेच्या किमतीत चार लाख बत्तीस हजारांचा फरक. असली चूक आकडेमोडीत होत नाही, ती हाताच्या सवयीनं होते. दार दक्षिणेला आहे का, नाला आहे का, वस्ती आहे का, असं बघत बघत हात कपातीच्या ओळीवर जातो आणि आधी कापलंय हे डोक्यात येत नाही.

घरमालकीण सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. नवरा वारलेला. दारात मी नाव सांगितलं, बँकेचं पत्र दाखवलं. त्यांनी पत्र वाचलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"गाव कोणतं भाऊ तुमचं?"

"मुखेड तालुक्यातलं."

"गावात कुण्या अंगाला घर?"

हा प्रश्न मला कळतो आणि विचारणारालाही आपण काय विचारतोय ते कळत असतं. "खालच्या अंगाला," मी म्हणालो.

"मग आत या की, दारात काय उभं राह्यलात! जय भीम."

लातुरात घर दाखवणारा माणूस आधी हौद दाखवतो. त्यांनीही आधी जमिनीखालचा हौद दाखवला, झाकण उचलून, वाकून. मग खोल्या, जिना, गच्ची. मी टेप लावली, मापं घेतली. बांधकामाची मापं बरोबर होती. चहा झाल्यावर त्या मूळ मुद्द्यावर आल्या.

"लेक डीएमएलटी झालीय भाऊ. तिला रक्त-लघवी तपासायची लॅब टाकायची हाय. चौकात गाळा घेऊन ठेवलाय भाड्यानं. बँकेनं घराची किंमत एवढी कमी लावली की मशीनपुरतं कर्जच बसंना. रोडच्या पलीकडं माझ्यासंगं ड्युटीला असणाऱ्या सिस्टर हायत, त्यांचं घर ह्याच मिस्त्रीनं बांधलं, एकाच वर्षी. फरशीसुद्धा एकाच ट्रकमधून उतरली. त्यांचं कर्ज आठ दिवसांत झालं."

"ताई, मी बँकेकडून आलेलो नाही," मी सांगितलं. "माझी परीक्षा आहे. मी जे लिहीन ते परीक्षकांकडं जाणार, बँकेकडं नाही. त्याचा तुमच्या कर्जाला काही उपयोग नाही."

"हाव, हाव. लिहिलंय तसं पत्रात." आणि मग लेकीला हाक मारून म्हणाल्या, "अगं, भाऊ आपलेच हायत. जेवूनच जातील."

मी जेवलो नाही. तपासणीला गेलेल्या घरी जेवायचं नाही, असा नियम आहे.

दर पडताळायचा म्हणजे कागदावर भागत नाही. खरेदीखतात लोक सरकारी दराएवढीच रक्कम दाखवतात. खरा दर चहाच्या हॉटेलात, प्लॉटची दलाली करणाऱ्यांकडं असतो, आणि तो तोंडी असतो. त्याच रस्त्याच्या पलीकडं असं एक हॉटेल होतं. तिथला दलाल पांढऱ्या शर्टातला, दोन मोबाइल टेबलावर उलटे ठेवून बसलेला. मी नाव सांगितल्यावर त्यानंही आधी गाव विचारलं.

"मुखेड तालुका."

"आन् पाव्हणे कुठले?" म्हणजे सासुरवाडी कुठली.

"उदगीर."

"उदगीर! आवो मग तुम्ही आमच्याच भागातले की. बसा, बसा. ए, दोन स्पेशल आण." गावात घर कुण्या अंगाला ते त्यानं विचारलं नाही. माझा स्वच्छ शर्ट, चष्मा आणि आडनाव यांवर त्यानं जे धरायचं ते धरलं. मी त्याला ते धरू दिलं. नाहीतर मला खरा दर कळला नसता.

"हितं आपल्या साइडला तीन हजारानं उठून राह्यलंय," तो म्हणाला. "रोडच्या तिकडं चोवीसशे, लई झालं तर पंचवीस. माल तोच, टँकर तोच, नगरसेवक पण तोच."

"मग फरक कशाचा?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला कळत न्हाई का साहेब? मलाच कशाला बोलायला लावता?"

"लिहावं लागतं."

"मग लिवा की, गिऱ्हाईक कमी हाय." तो पुढं झुकला. "आन् गंमत सांगू का? त्यांच्यातलेच साहेब लोक तिथं घेत न्हाईत. नोकरी लागली की पहिल्यांदा रोड वलांडत्यात. बेणं शानं हाय. चार पैसे जास्ती देतंय, पर आपल्या शेजारी येऊन बसतंय. आता काय करता, कायदा हाय. आमी पैसे मोजून घेतो आन् गप बसतो."

तो मोठ्यानं हसला. मी दर लिहून घेतला. पैसे द्यायला उठलो तर त्यानं माझा हात धरून खाली बसवला. "पाव्हण्याकडनं चहाचे पैसे घेऊ व्हय? काय बोलता!"

आणखी दोन ठिकाणी विचारलं. आकडे तेच आले. तपासणी लिहायला मला फार वेळ लागला नाही. पंधरा टक्क्यांची कपात पुराव्याशिवाय आणि दुहेरी, ती रद्द व्हावी. चोवीसशेचा दर बाजारातल्या व्यवहारांशी जुळतो, तो योग्य. दोन वाक्यं. दुसरं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन पाणी प्यालो. परत येऊन वाचलं. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं. पलीकडचा तीन हजारांचा दर या घराला लावा असं लिहायला माझ्याकडं एकही व्यवहार नव्हता. मला तसं वाटतं हा पुरावा होत नाही.

तोंडी परीक्षेला आम्ही त्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावर व्हरांड्यात बसलो होतो. माझ्या आधी आत गेलेला उदगीरचा एक जण बाहेर आला तो घामानं ओला. "निबंध लिहिलाय म्हणाले," तो म्हणाला. "मूल्यांकन न्हाई, निबंध. पुढच्या साली या म्हणाले, आन् येताना डोकं घेऊन या." तो बॅग शोधत होता आणि बॅग त्याच्या खांद्यालाच होती.

आत तिघे होते. मधोमध बँकेतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी, उजवीकडं एक तरुण, डावीकडं एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत बोलले नाहीत, बिस्किटं खात राहिले. दुहेरी कपातीचा मुद्दा मी मांडला. तरुणानं कागदावर आकडे करून पाहिले आणि मान हलवली.

"बारकाईनं पाहिलंत," तो म्हणाला. "आणि चोवीसशेचा दर तुम्हाला मान्य?"

"तीन व्यवहार आहेत, सर. मी तोंडी पडताळणीही केली."

"पलीकडं तीन हजार, अलीकडं चोवीसशे. सहाशेच्या फरकाचं कारण काय लिहिलंय? 'खरेदीदार मर्यादित.' का मर्यादित?"

"तिथं राहणाऱ्यांच्या जातीमुळं."

बिस्किट खाणारे थांबले. तरुण घाईघाईनं म्हणाला, "हे असं कुठं लिहू नका."

"लिहिलेलं नाही, सर. तुम्ही विचारलंत."

मधले अधिकारी इतका वेळ खुर्चीत मागं रेलून होते. ते पुढं आले. "या मालमत्तेत किंवा मालकाशी तुमचा काही संबंध? तसं प्रतिज्ञापन द्यावं लागतं, माहीत आहे ना?"

"दिलं आहे. संबंध नाही. मी बौद्ध आहे, घरमालकीणही बौद्ध आहेत. आधी ओळख नव्हती."

"अस्सं." त्यांनी माझा अर्ज उलटून माझं आडनाव पुन्हा वाचलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं, नवीन प्रकारची वीट हातात आल्यावर असतं तसं. "मग तुम्ही स्वतः कुठं राहता नांदेडात?"

मी लेआउटचं नाव सांगितलं.

"तिथं तुमची वस्ती आहे?"

"नाही."

"मग वस्तीत का नाही घेतलंत घर? स्वस्त पडलं असतं. तुमच्याच हिशेबानं वीस टक्के."

"उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळावं म्हणून."

"म्हणजे तुम्ही जास्त पैसे मोजून पलीकडं गेलात." ते तरुणाकडं वळले. "बघा, हाच तर पुरावा. पुरावा आपल्या समोर बसलाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हा तुमचा चौथा व्यवहार झाला. अहवालात का घातला नाहीत?"

मला उत्तर ठाऊक होतं. वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं.

"शहर वेगळं आहे, सर. नांदेडचा व्यवहार लातूरच्या घराला लागत नाही."

तिघेही मनापासून हसले, बिस्किट खाणारेसुद्धा. मधल्यांनी माझ्या कागदावर मोठी सही केली. "शाब्बास," ते म्हणाले. "भावनेत वाहून जात नाही हा माणूस. असेच हवेत."

नांदेडची एसटी अहमदपूरला थांबते. तिथं मी खाली उतरलो असताना फोन वाजला. नर्सताईंना माझा नंबर बँकेच्या पत्रातून मिळाला होता.

"भाऊ, आज होती ना परीक्षा? काय झालं?"

"पास झालो, ताई."

"व्वा! बरं वाटलं. आपलं माणूस पुढं गेलं की बरं वाटतं." मग म्हणाल्या, "आमच्या घराचं काय निघालं? त्या साहेबांनी केलेलं बरोबर होतं का?"

बसचा कंडक्टर खिडकीवर हात आपटत होता. "ते मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

मी कंडक्टरला हातानं थांबायची खूण केली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी उभं आयुष्य वॉर्डात काढलं. नातेवाईक विचारायचे, सिस्टर, कसं हाय? पेशंट चांगला असला की आम्ही सांगायचो, चांगला हाय. गेलेला असला की म्हणायचो, मला सांगता येत नाही, डॉक्टर सांगतील."

"ताई, तसं काही नाही. मी सही केलेली आहे."

"हाव. आम्ही पण सह्या केलेल्या असायच्या."

"तुम्ही बँकेत फेरमूल्यांकनाचा अर्ज देऊ शकता," मी म्हणालो. एवढं सांगायला हरकत नव्हती. ते कुणालाही माहीत असतं.

"कारण काय लिहू?"

कारण मला तोंडपाठ होतं. तिन्ही खरेद्या याच गल्लीतल्या असताना पुन्हा परिसराची कपात का, एवढं वाक्य. सोप्या मराठीत, एका श्वासात सांगता आलं असतं. त्यांच्या लेकीचं मशीन त्या वाक्यात होतं आणि माझं प्रमाणपत्रही.

"ते तुम्ही ठरवा," मी म्हणालो.

बस सुटली. घरी पोचलो तर बायकोनं पेढे आणून ठेवलेले होते. "पास होऊन आलात का नापास?" ती म्हणाली. "तोंड तर असं करून आलात की मयतीला गेलते."

पुढं प्रमाणपत्र आलं. त्यानंतर काही दिवसांनी लातूरच्या त्या बँकेच्या शाखाधिकाऱ्यांचा फोन आला. सभ्य माणूस, आवाज मऊ.

"एक मॅडम आहेत, रिटायर्ड नर्स. त्यांनी फेरमूल्यांकनाचा अर्ज दिलाय. कारणात लिहिलंय, 'तपासायला आलेल्या साहेबांना चूक सापडली आहे.' म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही त्यांना तसं सांगितलं का?"

"नाही."

"नक्की? म्हणजे बोलण्याच्या ओघात वगैरे?"

"नक्की. मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही."

"मलाही तेच वाटलं. तुमच्यासारखा माणूस असं सांगणार नाही."

"चूक होती की नव्हती ते मी तुम्हालाही सांगू शकत नाही," मी म्हणालो. "पण तुम्ही संस्थेकडं लेखी विचारू शकता. बँकेनं विचारलं तर ते कळवतील."

"कोण विचारत बसणार हो? वरच्या ऑफिसची परवानगी काढा, पत्र लिहा, एवढ्याशा कर्जासाठी. त्यांचं कारणच निराधार आहे म्हटल्यावर अर्ज फेटाळायला आम्हाला काही अडचण नाही. तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं." कागद उलटल्याचा आवाज आला. "गाळा सोडला म्हणे त्यांनी. लेक कुणाच्या तरी लॅबमध्ये लागली पगारावर. ठीक आहे ना, नाहीतरी धंदा म्हणजे कटकटच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, दुसरं काम," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून मोठ्या कर्जांच्या फाइली तुमच्याकडं तपासायला पाठवाव्यात असं वर कळवतोय. तुमच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स लागेल."

मी ती त्याच दिवशी पाठवली. दोन्ही बाजूंची, सहीसकट.